छपरातून पाणी आलं आणि बिलिंग थांबलं

२०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा बेळगाव भागातला माणूस विसरणार नाही. घटप्रभेचं पाणी गोकाकच्या बाजारात शिरलं, वेदगंगेनं यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर हायवे अडवला, शहरात जुन्या मातीच्या भिंती ढासळल्या. पुराचे व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलेत. पण एक नुकसान कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही. शेड उभी असते, माणसं सुखरूप असतात, मशिनी पुसून तेल घालून परत फिरायला लागतात, आणि तरी कंपनी बंद असते, कारण ऑफिसातला कॉम्प्युटर गेलेला असतो.

(दृश्य: उद्यमबागेतला रस्ता, दोन्ही बाजूला पत्र्याच्या शेड, पाऊस)

उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर. फौंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक्सचे पार्ट. इथल्या शेडमध्ये पाणी नदीतून यायची गरजच नाही, ते वरून येतं. दोन शेडच्या मधे जी पन्हाळ असते तिच्यात वर्षभर फौंड्रीची काळी धूळ आणि पाला साठतो, पावसाआधी कुणी साफ केली नाही की आषाढातल्या एका जोरदार सरीत ती भरते आणि पाणी बाहेर न जाता भिंतीवरून आत उतरतं. नाहीतर वाऱ्यानं एखादा पत्रा उचकटतो. आणि त्याच भिंतीला टेकून ऑफिसची कॅबिन असते, कॅबिनमध्ये टेबल, टेबलाखाली फरशीवर सीपीयू, शेजारी यूपीएसची बॅटरी, सगळ्या वायरी तिथंच. शॉप फ्लोअरवर जागा मोठ्या मशिनला द्यायची असते, म्हणून उरलेल्या कोपऱ्यात ऑफिस बसवलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी हेच बघायला मिळतं.

आता दुसऱ्या दिवशीची सकाळ बघा. हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाईट आली, लेथ चालू झाला, कोल्हापूरला जायचा माल तयार आहे, ट्रान्सपोर्टवाला गेटवर उभा आहे. गाडी कोगनोळीच्या पुढं गेली की महाराष्ट्र. म्हणजे आपल्याला जवळचाच रस्ता वाटत असला तरी सरकारच्या कागदावर ही दुसऱ्या राज्यातली विक्री, आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांतल्या विक्रीचा जीएसटी, लागतो, पन्नास हजाराच्या वरचा माल असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाईन काढलेला कागद, पाहिजे. आणि कोल्हापूरच्या पार्टीनं जॉब वर्कला, म्हणजे फक्त काम करून घ्यायला, पाठवलेला माल असेल तर किंमत कितीही कमी असू दे, राज्याची हद्द ओलांडताना ई-वे बिल लागतंच. वर्षाची उलाढाल पाच कोटीच्या पुढं असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारच्या पोर्टलवर नोंदवलेलं बिल, पण पाहिजे. सीमाभागातल्या धंद्याला हे रोजचंच आहे.

कोण म्हणेल, पोर्टल तर मोबाईलवर पण उघडतं की. उघडतं, पण भरायचं काय? शेवटचा बिल नंबर कुठला होता, या पार्टीचा रेट मागच्या महिन्यात बदलला होता का, ऑर्डर पाचशे नगांची होती त्यातले किती गेले, किती राहिले, हे सगळं टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, होतं आणि टॅली त्या टेबलाखाली होती. बिल नाही म्हणून गाडी नाही, गाडी नाही म्हणून पुढच्या पार्टीची लाईन थांबणार, तिकडनं फोनवर फोन. मग पेमेंट पण पुढं जाणार, आणि शनिवारी कामगारांचा पगार. पण कुणाची हजेरी किती, कुणी उचल किती घेतली, तेही त्याच मशिनमध्ये.

हे फक्त लहान शॉपचं दुखणं नाही. ११ डिसेंबर २००५ ला पहाटे सहाच्या सुमाराला इंग्लंडात हेमेल हेम्पस्टेडजवळच्या बन्सफील्ड तेल डेपोत स्फोट झाला, टाकीचा गेज अडकला होता आणि पेट्रोल वरून सांडत राहिलं होतं. रविवार होता म्हणून शेजारच्या ऑफिसांत माणसं नव्हती, ४३ जण जखमी झाले पण मेलं कुणी नाही. पण डेपोला लागूनच नॉर्थगेट नावाच्या कॉम्प्युटर कंपनीची बिल्डिंग होती, ती पार मोडली. ही कंपनी दुसऱ्यांचे पगार, दुसऱ्यांचे रेकॉर्ड सांभाळायची. त्यामुळं दूर केंब्रिजमधल्या अॅडनब्रुक्स हॉस्पिटलची पेशंट भरती करायची सिस्टीम बंद पडली, तिथं कागदावर नोंदी करायची वेळ आली. आग लागली एका गावात आणि काम अडलं दुसऱ्याच गावात. त्या कंपनीच्या कॉप्या दुसऱ्या ठिकाणी ठेवलेल्या होत्या, म्हणून तिला काम दुसरीकडं परत उभं करता आलं.

(दृश्य: उन्हात वाळत घातलेली बिलबुकं, ओल्या फायली)

मग ज्यांच्याकडं कॉपी नाही त्यांनी काय करायचं? सगळं गेलं असं नसतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण अशा वेळी माणूस घाबरून हातपाय गाळतो. आपले कागद आपल्याला माहीत नसताना चार ठिकाणी पडलेले असतात. जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, आपण भरलेली बिलं जीएसटी पोर्टलवर आहेत, खरेदीची बिलं तिथंच जीएसटीआर-२बी मध्ये दिसतात. सीसी अकाउंट (कॅश क्रेडिट, धंद्यासाठीचं बँकेचं कर्जखातं) असेल तर दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट बँकेकडं आहे. सीएच्या ऑफिसात मागच्या ऑडिटच्या वेळचा टॅलीचा डेटा असतो, बऱ्याचदा तोच उपयोगाला येतो. ऑर्डरची कॉपी पार्टीकडं, व्हॉट्सअॅपवर पण असते. हे सगळं गोळा करून बसलं तर गेलेला बराच हिशेब परत उभा राहतो, वेळ लागतो, पण राहतो. उधारीचं मात्र अवघड असतं, पोर्टलला विकलं किती ते माहीत, वसूल किती झालं ते नाही, त्यासाठी बँकेचं स्टेटमेंट एकेक ओळ जुळवत बसावं लागतं, आणि कुणी रोख दिलेलं असेल तर समोरच्याच्या शब्दावर.

कुठंच सापडत नाहीत ते म्हणजे आपली स्वतःची ड्रॉइंग आणि सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनचे, प्रोग्राम. एका जॉबचा प्रोग्राम बसवायला ऑपरेटरनं रात्री घालवलेल्या असतात, कुठं फीड (टूल पुढं सरकायचा वेग) कमी करायचा, कुठं टूल बदलायचं, हे पार्टीच्या ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं नसतं. प्रोग्राम मशिनच्या कंट्रोलमध्ये असतात म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच कंट्रोलमधली ही मेमरी बॅटरीवर टिकते, बॅटरी जुनी असली आणि शेड दुरुस्त होईपर्यंत लाईट बंद राहिली तर प्रोग्रामबरोबर मशिनचे पॅरामीटर पण उडतात. अशी बॅटरी मशीन चालू असतानाच बदलायची, मेन स्विच बंद करून बदलायला गेलं तरी तोच घोटाळा.

आणि भिजलेला कॉम्प्युटर. हात जोडून सांगतो, चालू होतोय का बघूया म्हणून बटण दाबू नका. हार्ड डिस्कमध्ये हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गढूळ पाणी आत गेलेलं असू शकतं, करंट दिला की होता तो डेटा पण जातो. हेअर ड्रायर नको, तांदळात पुरणं नको. डिस्क ओली असेल तशीच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डेटा काढणाऱ्याकडं द्यायची, घाण आत सुकून चिकटली की त्यांचं काम अवघड होतं.

इन्शुरन्सचं पण ऐकून ठेवा. फायर पॉलिसीत वादळ-पुराचं कव्हर असेल तर वादळानं किंवा पुरानं शेड, मशीन, स्टॉक भिजल्याचं मिळतं. पण काम बंद राहिलं, धंदा बुडाला, त्याचे पैसे त्यात नसतात, त्याला लॉस ऑफ प्रॉफिट पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि डेटा परत उभा करायचा खर्च इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट पॉलिसीत बघावा लागतो, तोही आपण मागितला असेल तर. नुकसान बघायला इन्शुरन्सचा सर्व्हेयर आल्यावर पहिल्यांदा मागतो स्टॉक रजिस्टर. ते भिजलेल्या कॉम्प्युटरमध्ये असेल तर नुकसान झालंय हे दिसतंय, पण किती झालं हे दाखवायला हातात काही नाही.

म्हणून कॉपी दुसऱ्या छपराखाली पाहिजे. रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर बॅकअप घेऊन ती त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकणं म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावणं. क्लाउडवर ठेवलं तरी कॉपी कुठं आहे ते विचारा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, लाखो वेबसाइट बंद पडल्या, आणि काही गिऱ्हाइकांची बॅकअप कॉपी त्याच आवारात होती, ती पण गेली. एक कॉपी क्लाउडवर, एक घरी, त्यात सीएनसीचे प्रोग्राम पण. आणि महिन्यातून एकदा घरच्या लॅपटॉपवर ती कॉपी उघडून कालचं बिल दिसतंय का बघायचं. पन्हाळ मे महिन्यात साफ करून घ्यायची, सीपीयू फरशीवरून उचलून भिंतीपासून लांब ठेवायचा, हे काम एका दुपारचं आहे.