गाई गाई कर, मला नाचायचंय

नमस्कार मंडळी. आपल्याकडे बाळाला मांडीवर घेऊन ‘गाई गाई कर’ म्हणतात. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातले केजन लोक फ्रेंचमध्ये म्हणतात ‘फे दोदो’. आणि गंमत बघा, तिथं नाचाच्या कार्यक्रमालाच हे नाव पडलं! नाचायला अख्खं घर जायचं. बाजूच्या खोलीत पोरांना ओळीनं निजवलं, की आई वॉल्ट्झला मोकळी.

या लोकांचे पूर्वज कॅनडातले. 1755 पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावलं. लुइझियानात आल्यावर सुरुवातीला नाच घरातच, सामान अंगणात काढून. नाचघरं पुढे आली. लाकडी जमिनीवर मक्याचं पीठ भुरभुरायचे, आपण कॅरमवर पावडर टाकतो ना, तसं. ब्रो ब्रिज गावातल्या एका नाचघराचं नावच ‘ला पूसिएर’, म्हणजे धूळ!

शेजारीच फ्रेंच बोलणारे काळे क्रिओल. अकॉर्डियन, म्हणजे हातात धरून भाता ओढायची पेटी, दोघांचीही तीच, नाचघरं मात्र वेगळी. आमेदे आर्दुआं हा क्रिओल वादक गोऱ्यांच्या नाचात वाजवायचा. 1929 मध्ये गोऱ्या फिडलवादकाबरोबर (फिडल म्हणजे व्हायोलिनच), डेनिस मॅगीबरोबर, त्याची रेकॉर्डही निघाली. पण सांगतात की, एका रात्री घाम पुसायला त्यानं एका गोऱ्या मुलीचा रुमाल घेतला आणि त्यासाठी त्याला बेदम मारलं. 1942 मध्ये तो इस्पितळातच वारला. वाजवायला आत घ्यायचं, रुमाल मात्र द्यायचा नाही, असला तो हिशेब.

क्रिओलांच्या या संगीताला पुढे झायडेको म्हणू लागले. ‘शेंगांना मीठ नाही’ या अर्थाच्या फ्रेंच बोलातून हा शब्द आला म्हणतात. शेंगांत घालायला खारवलेलं मांस परवडत नाही, एवढी गरिबी! त्याचा राजा क्लिफ्टन शेनिए. या संगीतात कपडे घासायची पन्हळी फळीही वाजवायचे, पण ती हातात धरावी लागे. 1946 मध्ये त्यानं ती खांद्यावरून लटकणाऱ्या पत्र्याच्या बंडीसारखी करून घेतली. भाऊ क्लीव्हलँड ती बाटलीच्या ओपनरनं खरडायचा. लॉटेल गावातलं नाचघर, रिशार्ड्स क्लब, 1947 चं. झायडेकोची मोठमोठी माणसं तिथं वाजवून गेली. 2017 मध्ये ते जळालं.

मामू गावातला ‘फ्रेड्स लाउंज’ हा केजन बार मात्र 1946 पासून आहे. शनिवारी सकाळीच तिथं नाच, आणि तो थेट रेडिओवर, जाहिरातींसकट फ्रेंचमध्ये! जागा एवढीशी, म्हणून वादकांभोवती दोरी बांधतात. भिंतीवर पाटी आहे: ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकून गाणी वाजवायच्या यंत्रावर) उभं राहू नये. कोणीतरी राहिलं असणारच की!