बोलून होत नाही, गाऊन होते

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी माझी ओळख 'संगीत शिक्षक' अशी करून दिली. ते अलीकडचं. त्याआधी अकरा वर्षं मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. काटोल, नरखेड, सावनेर, उमरेड, पार भंडाऱ्यापर्यंत. लग्नं, गणपती, नवरात्र, दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे जत्रा. त्यामुळे घाणेरड्या गाण्यांबद्दल मला काठावर बसून बोलता येत नाही. त्या गाण्यांवर माझ्या पहिल्या मोटारसायकलचे हप्ते फिटलेत.

आजच्या व्याख्यानाला आयोजकांनी नाव दिलंय, 'आक्षेपार्ह गाणी : कला की विकृती?' शाळेच्या वादविवाद स्पर्धेसारखं. त्यातला तो 'की' मला खटकतो. 'ही कलाच नाही' म्हणणारा गाणं ऐकत नाही, आणि 'कला आहे ना, मग बोलायचं नाही' म्हणणाराही ऐकत नाही. दोघांनाही त्या गाण्यापासून लवकर सुटका हवी असते. मला वाटतं, कला आहे म्हणूनच बोलायचं. जे अंगात शिरतच नाही त्याच्याबद्दल कोण कशाला चिडेल?

एक रात्र सांगतो. काटोलकडच्या एका गावातलं लग्न. साडेअकरा झाले होते. आमच्यात एक गाणारी मुलगी होती, गळा चांगला, सूर पक्का. द्व्यर्थी गाणी तिच्याच वाट्याला यायची, कारण फर्माइशी त्याच असायच्या. त्यातल्या एका गाण्याच्या ध्रुवपदात नायिकेचं नाव चार वेळा येतं. समोरच्या पोरांनी ते नाव काढून हिचं नाव घालायला सुरुवात केली. पन्नास-साठ जण, एका सुरात. मी ऑक्टोपॅडवाल्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही लय वाढवली. पब्लिक चढलं होतं, कार्यक्रम जमला होता, लय वाढवायचीच वेळ होती ती. ती मुलगी अख्खं गाणं हॅलोजनकडे बघत गायली. परतताना मेटॅडोरमध्ये काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, 'गाणंच फालतू आहे ते.' ती म्हणाली, 'गाणं ठीक आहे दादा. माझं नाव टाकलं ते बरोबर नाही. आन् तुम्ही लय वाढवली.'

पुढे मी संगीत समीक्षेची पुस्तकं वाचली, चर्चासत्रांना बसलो. याच्याइतकं नेमकं मला कोणी काही सांगितलं नाही. तिनं शब्दांना अश्लील म्हटलं नाही. ते शब्द कोणावर जाऊन पडले आणि ते पडत असताना ठेका कोणी धरला, एवढंच विचारलं.

आपल्या कायद्याचा प्रश्न वेगळा असतो. पाचपावली पोलीस ठाण्यातलं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. अश्लील गाण्यांच्या तक्रारीवरून रॅपर यो यो हनी सिंग यांच्यावर तिथे गुन्हा नोंदला गेला, आणि २०२२ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून त्यांना आवाजाचा नमुना द्यायला नागपुरात यावं लागलं. ज्या गाण्यावरून देशभर सगळ्यात जास्त गदारोळ झाला होता ते आपण म्हटलेलंच नाही, असं त्यांनी त्या वेळी सांगितलं होतं. खरंखोटं न्यायालय पाहील. मला गंमत वाटली ती आवाजाच्या नमुन्याची. हा आवाज कोणाचा, एवढं कायद्याला कळलं की पुरतं. गाणं ऐकणाऱ्याला तेवढ्यावर थांबता येत नाही. या गाण्यात जो 'मी मी' करतोय तो मी कोण, हे त्याला विचारावं लागतं.

गाण्यातला 'मी' म्हणजे गायक नव्हे, हा गाणाऱ्यांचा हुकमी बचाव. आणि तो बरोबर आहे. रंगमंचावर कीचक बोलतो म्हणून नट काही कीचक होत नाही. पण नाटकात कीचकासमोर द्रौपदी उभी असते, तिलाही वाक्यं असतात, आणि शेवटी भीम असतो. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात एकटा कीचकच गातोय, मागे कोरस 'वाह वाह' करतोय आणि पडद्यावर द्रौपदीसुद्धा ठेक्यावर नाचतेय, तर 'ती व्यक्तिरेखा आहे हो' हे मला पटत नाही. कुठेतरी फट दाखवा. एखादा सूर मुद्दाम वाकडा लावा, एखादी ओळ अशी टाका की ऐकणाऱ्याला आपल्या हसण्याची लाज वाटेल. अशी गाणी आहेत, आणि ती लिहायला भारी अवघड असतात.

कीचकावरून आठवलं. खाडिलकरांचं 'कीचकवध' इंग्रजांनी १९१० साली बंद पाडलं. त्यात काही चावट होतं म्हणून नाही, लोकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता म्हणून. सत्तेला कोणती गोष्ट 'आक्षेपार्ह' ऐकू येते, याचा हा जुना नमुना. नवाही आहे. एप्रिल २०२३ मध्ये 'भोंगळी केली जनता' या रॅपवरून उमेश खाडे या मुंबईच्या तरुणावर गुन्हा दाखल झाला. आता हा शब्द मुंबईत कसा वाजतो मला माहीत नाही. माझी आजी अंगणात पळणाऱ्या नातवाला दिवसातून चारदा म्हणायची, 'काहून भोंगळा फिरतं बे, चड्डी घाल.' आपल्याकडे तो आंघोळीच्या वेळचा शब्द आहे. जनतेला नागवलं, हे आमच्या बोलीत सांगायला याहून सभ्य शब्द नाही. (हशा) आणि गाण्यात नागवलेली जनता आहे, नागवणारे कोण तेही स्पष्ट आहे. तो शब्द ज्याच्या अंगावर जातो त्याच्याकडे बंगला, गाडी, पोलीस, सगळं असतं. काटोलच्या त्या मुलीकडे एक हॅलोजन होता.

कायद्याचं कलम तसं साधं आहे. सार्वजनिक जागी, इतरांना त्रास होईल अशा रीतीनं अश्लील गाणं म्हटलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. दंड संहितेत ते २९४ होतं, न्याय संहितेत २९६ झालं. तरी मी आजवर जेवढ्या वराती वाजवल्या, त्यात पोलीस आले ते रात्रीचे दहा वाजून गेले म्हणून आले. निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे ना. आम्ही शब्द तेच ठेवून आवाज कमी करायचो आणि ते निघून जायचे. मी काही त्यांची तक्रार करत नाही. गाण्याचा अर्थ मोजायचं मशीन पोलिसांच्या हाती कोणी देऊही नये. चमकीलाचं काय झालं पाहा. पंजाबातला हा गायक, अमरसिंग चमकीला, गावोगावच्या आखाड्यात दिराभावजयीची चावट गाणी गायचा. लोक छपरांवर चढून ऐकायचे, बायकासुद्धा. त्याला धमक्या आल्या, आणि ८ मार्च १९८८ ला मेहसमपूरमध्ये त्याला आणि त्याच्याबरोबर गाणाऱ्या त्याच्या बायकोला, अमरजोतला, गोळ्या घातल्या. कोणी घातल्या ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही. त्याच्या काही गाण्यांबद्दल मला कडक बोलायचं आहे, पण त्याच्यावर बंदूक रोखणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून मी ते बोलणार नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. नागपूरच्या माणसानं शिवीगाळीवर नाक मुरडावं हे मला जरा ढोंगीपणाचं वाटतं, कारण आपल्याकडे शिवीचा सण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, मिरवत निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, कुठला पुढारी, कुठलं खातं, कोणालाही सोडत नाहीत. इतवारीत तुफान गर्दी, ढोल, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत', आणि बडग्यांवर लिहिलेल्या घोषणा इथे माईकवरून वाचल्या तर अध्यक्ष मला खाली बसवतील. पण त्या दिवशी ते चालतं. शिमग्याच्या बोंबेला एक दिवस असतो तसा याला एक दिवस आहे, ठरलेला रस्ता आहे, आणि शेवटी ते सगळं जाळून माणसं घरी जेवायला येतात.

हे सांगताना माझी छाती फुगते. मग आठवतं की काळी मारबत ही लोकांच्या सांगण्यात बाकाबाई आहे, इंग्रजांना फितूर झाल्याचा ठपका असलेली भोसल्यांच्या घरातली बाई. फितुरी तेव्हा एका बाईनंच केली होती का? पण दीडशे वर्षं होत आली, जळते ती तीच. मारबत बंद करा असं मी म्हणत नाही, दर वर्षी मी गर्दीत असतो. पण लोककला म्हटलं की ती आपोआप निर्मळ होत नाही, हे गर्दीत उभं राहूनही दिसू शकतं.

लावणीचं तसंच. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी आणली. आपण तेव्हा मध्यप्रांतात होतो, आपल्या खडीगंमतीला, म्हणजे इकडच्या तमाशाला, ती लागू नव्हती. पुढे अटी घालून बंदी उठली, तमाशा 'सुधारला', शहरातल्या थिएटरात तिकीट लावून लावणी महोत्सव सुरू झाले. त्याच चालीला फडावर 'छचोर' म्हणत होते, इथे 'अदाकारी' म्हणू लागले. दरम्यान बदललं काय? बरंचसं प्रेक्षकांचे कपडे.

आणि त्या लावणीतला 'मी' कोण? विरहानं तळमळणारी, राजसाला बोलावणारी बाई. लिहिणारे रामजोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव, म्हणजे पुरुष. नाचणारी कोल्हाट्याची, महारामांगाची लेक. समोर पुन्हा पुरुष. इतिहासकार शैलजा पाईक यांनी हेच धरून वर्षानुवर्षं काम केलं, २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. 'अश्लील' हा शिक्का शब्दांवर कमी आणि विशिष्ट जातीच्या बाईच्या देहावर जास्त बसतो, हे त्यांचं म्हणणं दीक्षाभूमीच्या गावात मी वेगळं समजावून सांगायला नको.

पठ्ठे बापूरावांची एक हकीकत सांगतात. कुलकर्ण्यांचा हा मुलगा घर, जात, सगळं सोडून तमाशात गेला, पवळाबरोबर त्यानं महाराष्ट्र गाजवला. पवळा महार समाजातली. महाडच्या सत्याग्रहासाठी त्यांनी बाबासाहेबांना तमाशाच्या खेळांचे पैसे देऊ केले. बाबासाहेबांनी ते नाकारले. चळवळीला तेव्हा पैशांची काय तंगी होती, सांगायला नको. पण समाजाच्या बायका नाचवून आलेला पैसा नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

या नकारापाशी मी बरीच वर्षं घुटमळतोय. एकीकडे वाटतं, पवळासारख्या कलावतीला यात काय वाटलं असेल? तिची कला, तिची कमाई, तिचं देणं, तिघांनाही एकदम नाही म्हटलं गेलं. हा अन्याय नाही का? दुसरीकडे असं की बाबासाहेबांनी लावणीला अश्लील म्हटलं नाही, तमाशा बंद करा असा अर्ज घेऊन ते सरकारकडे गेले नाहीत. याची किंमत कोण चुकवतंय, एवढं त्यांनी विचारलं, आणि आपला हात मागे घेतला. दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात, आणि त्या जुळत नाहीत. नैतिक टीका करायची तर इतकी महाग असावी लागते, की ती करणाऱ्याचंही काही जातं. फेसबुकवर 'संस्कृती बुडाली' लिहायला काय जातं?

दुसरी गोष्ट दाराची. ऑर्केस्ट्राचे संचालक डॅनिएल बारेनबॉइम यांनी २००१ मध्ये जेरुसलेमला जर्मन संगीतकार वाग्नरचं संगीत वाजवलं. वाग्नर ज्यूद्वेष्टा, हिटलरचा लाडका, त्यामुळे इस्रायलमध्ये १९३८ पासून तो जाहीरपणे वाजवत नसत. बारेनबॉइम स्वतः ज्यू. त्यांनी ठरलेला कार्यक्रम संपवला, मग श्रोत्यांना विचारलं, वाजवू का? ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी खुशाल जावं. अर्धा तास वादावादी झाली, शिव्या झाल्या, काही जण दारं आपटत निघून गेले. उरलेल्यांनी ऐकलं. मला यातलं वाग्नरपेक्षा ते दार आवडतं. आमच्या वरातीला दार नव्हतं. ट्रकवरचे स्पीकरचे डबे वाजायला लागले की गल्लीतल्या आजारी म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे श्रोते.

आता वर्गातलं सांगतो आणि थांबतो. मागच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या गाण्यांची यादी माझ्याकडे आली. त्यात एक गाणं होतं, तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे, नाव घेत नाही. बाकी शिक्षकांचं म्हणणं, खोडून टाका. मी अकरावीच्या पोरांना वर्गात बसवलं आणि म्हटलं, नाचा खुशाल, पण आधी चाल न लावता नुसतं वाचून दाखवा. मोठ्यानं, कविता वाचतात तसं. एक पोरगा उठला. पहिल्या ओळीला सगळे हसले. दुसरीला मुलींच्या बाकांवर शांतता झाली. तिसरीला तो थांबला, कागदाकडे बघत राहिला, कान लाल. म्हणाला, 'सर, हे बोलून नाही होत. गाऊन होते.'

चालीचं सामर्थ्य काय असतं हे मला अकरा वर्षांत कळलं नव्हतं ते त्या पोरानं सांगितलं.

गाणं मी खोडलं नाही. पोरांनीच रात्री बसून त्या दोन ओळी बदलून आणल्या. खरं सांगतो, बदललेल्या ओळी टुकार होत्या. यमक जुळत नव्हतं, मात्रा सांडत होत्या, आणि समेवर 'अभ्यास' हा शब्द येत होता. (हशा) संमेलनात गाणं पडलं. मागच्या रांगेतून पोरं मूळचेच शब्द ओरडत होती. मी कीबोर्डवर होतो. या वेळी लय होती तिथेच ठेवली.

बरं, प्रश्न घेऊ या. तिकडे खांबाजवळच्या ताईंनी मघापासून हात वर केलाय.