नकाशाखालची माती

(पडद्यावर अमेरिकेचा काउंटीवार, म्हणजे जिल्हावार, अध्यक्षीय निकालांचा नकाशा. लाल रंग रिपब्लिकन पक्षाचा, निळा डेमोक्रॅटिक पक्षाचा)

दक्षिणेकडे बघा. सगळीकडे लाल, आणि त्या लालातून गेलेली ही निळी कमान. मिसिसिपी राज्याच्या पूर्वेकडून निघते, अलाबामा आडवं पार करते. दर अध्यक्षीय निवडणुकीत ती जवळपास याच जागी उमटते.

सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो हटला, मागे खडूसारखा थर राहिला, त्याची काळी, कसदार जमीन झाली. जमिनीत कापूस आला आणि कापूस वेचायला गुलाम केलेली कृष्णवर्णीय माणसं आणली गेली. त्यांचे वंशज आजही इथेच आहेत, बहुतेक जण डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. त्या खडूच्या थराला भूगर्भशास्त्रज्ञ सेल्मा चॉक म्हणतात. सेल्मा, म्हणजे तेच गाव, जिथल्या पुलावर १९६५ साली मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मतदान हक्क कायदा त्याच वर्षी झाला.

आणि एवढं सोसून मिळालेलं हे मत राज्याच्या बेरजेत बुडून जातं, याचं फार वाईट वाटतं. मेन आणि नेब्रास्का सोडले, तर ज्याला राज्यात जास्त मतं, त्याला तिथली सगळी इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्याच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मतं. अलाबामा लालच रंगतं.

(नकाशा उत्तरेकडे सरकतो)

आता मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया. कारखान्यांची राज्यं. १९९२पासून तिन्ही एकाच बाजूला जात आली आहेत. २०१२पर्यंत ती बाजू डेमोक्रॅटिकच होती. ही निळी भिंत पक्की, असं २०१६मध्ये जवळजवळ सगळ्यांनी धरलं होतं. पण राज्यांच्या बऱ्याच जनमत चाचण्यांत पदवीधर मतदार प्रमाणाबाहेर जास्त होते, आणि कारखान्यातला कामगार मोजण्यात कमी पडला. एका राज्यात जी चूक, तीच शेजारच्या दोन्ही राज्यांत. राज्यांच्या चुका एकमेकींशी जोडलेल्या असतात, हे पुरेसं न धरणाऱ्या काही अंदाजांनी डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांना जिंकण्याची ९८-९९ टक्के संधी दिली होती. शेजारी एकत्र घसरतात, हे हिशेबात घेणारा एक अंदाज ७१ टक्क्यांवर थांबला होता.

मिशिगन रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे गेलं, १०,७०४ मतांनी. बाकीची दोन्ही राज्यंही गेली. तिन्ही राज्यांतला फरक मिळून ७८ हजारांच्या आत. देशभरात क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतं अधिक होती, तरी अध्यक्ष ट्रम्प झाले.

२०२०मध्ये तिन्ही राज्यं बायडन यांच्याकडे आली. २०२४मध्ये तिन्ही पुन्हा ट्रम्प यांच्याकडे गेली.