जाळीच्या आतून

(दृश्य: इंदूर, रामबाग. एप्रिलची दुपार. ओटल्यावर वाळत घातलेल्या कुरडया.)

दुपारी एकनंतर रामबागेतल्या या गल्लीत पाऊल वाजत नाही. नोकरदार कामावर गेलेले. इथल्या मराठी घरांतली कितीतरी मुलं आता पुण्याला, बेंगळुरूला राहतात. घरी उरलेत ते आईवडील. जेवण आटोपून जरा पाठ टेकायची ही वेळ, आणि हीच वेळ साधून बेल वाजते.

(दृश्य: समोरच्या घराच्या कॅमेऱ्यातलं चित्रण. दोन माणसं, चेहरे झाकलेले.)

एकाच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र. दुसऱ्याच्या काखेत फाईल. नीट बघा, हे दोघं आधी मीटरकडे जात नाहीत. फाटकाला लावलेल्या पत्रपेटीपाशी थांबतात. पेटीतून विजेच्या बिलाचा कागद अर्धा बाहेर डोकावतोय. त्यावर नाव आहे, पत्ता आहे आणि आयव्हीआरएस नंबर आहे. मध्य प्रदेशात वीज ग्राहक ओळखला जातो तो या नंबराने. कागद पाहून झाला, जागच्या जागी ठेवला. आता बेल.

"अम्माजी, बिजली कंपनी से आए हैं. आपका मीटर धीमा चल रहा है. आज नहीं बदला तो शाम को लाइन कट जाएगी."

(दृश्य: आजी, जाळीच्या दरवाजाशी उभ्या.)

"नाव बरोबर सांगितलं, नंबर बरोबर सांगितला. मला वाटलं, झोनवरूनच आलेत."

इंदूरकर वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयाला झोन म्हणतात. झोनवरून माणूस येणं ही इथली नेहमीची गोष्ट, म्हणून संशय यायचं कारणच नव्हतं.

(दृश्य: तेच घर. मीटर, जिना, मधली खोली, स्वयंपाकघर. कॅमेरा त्या माणसांच्या वाटेने चालतो.)

पुढचं आजींनी आम्हाला खोलीगणिक चालून दाखवलं. एक जण मीटरपाशी राहिला. त्याने आजींनाही तिथेच थांबवलं, "आकडा बोलते रहिए" म्हणाला. आजी चष्मा लावून आकडे वाचत राहिल्या. दुसरा म्हणाला, आतला लोड बघावा लागेल. त्याने एकेका खोलीतले पंखे लावले, दिवे लावले, गीझर लावला. सगळ्या खोल्यांत फिरायला त्याला परवानगी मागावीच लागली नाही, कारण बटणं सगळ्या खोल्यांत असतात. मग मीटरपाशी उभ्या असलेल्याने पाणी मागितलं. उन्हातून आलेल्याला पाणी नाही कोण म्हणेल? आजी माठाकडे वळल्या.

रोख रक्कम गेली, दोन पाटल्या गेल्या.

(दृश्य: कपाट. आजी कपाट बंद करतात.)

(दृश्य: पोलो ग्राउंड, पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचं मुख्यालय. मग पडद्यावर कायद्याचा मजकूर.)

"शाम को लाइन कट जाएगी." सगळा डाव या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून ते कायद्याशी ताडून पाहू. विद्युत अधिनियम, २००३. कलम ५६ सांगतं की बिल थकलं असेल तरी वीज तोडण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती पूर्ण पंधरा दिवसांची. कलम १६३ कंपनीच्या अधिकृत माणसाला मीटर तपासायला घरात येण्याचा अधिकार देतं, मात्र वेळ वाजवी हवी आणि घरात राहणाऱ्याला आधी सांगायला हवं. समजा घरातल्याने आत येऊ दिलं नाही, तरीही लेखी नोटीस द्यायची आणि चोवीस तास उलटल्यावरच पुरवठा बंद करायचा. कलम १३५ वीजचोरीचं आहे, त्यातही राहत्या घराची झडती सूर्यास्तानंतर घ्यायची तर घरातला प्रौढ पुरुष हजर असावा लागतो. म्हणजे चोरीचा संशय असला तरी, एकट्या बाईच्या घरात रात्री झडतीला कोणी शिरू शकत नाही.

कायद्याने आजींना किती वेळ दिला होता बघा. पंधरा दिवस, निदान चोवीस तास. दारातल्या माणसाने तो "शाम को" एवढ्यावर आणला. त्याच्या धंद्याचं भांडवलच ही घाई आहे. खऱ्या कर्मचाऱ्याला पाच मिनिटं थांबवल्याने त्याचं काहीही बिघडत नाही.

आणखी एक. शहरात ज्या घरी स्मार्ट मीटर बसलंय, तिथलं रीडिंग आपोआप कंपनीकडे जातं. नुसते आकडे घ्यायला कोणी आत येत असेल, तर त्याचं तिथे कामच नाही.

(दृश्य: टेबलावर पांढरा प्लास्टिकचा डबा, त्यात हिरवा दिवा. स्क्रू ड्रायव्हर धरलेले हात.)

वीज वाचवणारं यंत्र. प्लगमध्ये खोचा, बिल निम्मं होईल. हे दारोदार विकलं जातं आणि विकणारा प्रात्यक्षिकही करून दाखवतो. आम्ही तेच प्रात्यक्षिक भौतिकशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडून करून घेतलं.

(दृश्य: छोटी मोटर चालू. वायरीभोवती प्रवाह मोजणारा चिमटा-मीटर. डबा प्लगमध्ये जातो, आकडा खाली येतो.)

आकडा खरोखरच खाली आला. विकणारा इथे खोटं बोलत नाही, आणि म्हणूनच शिकलेली माणसंही फसतात. आता डबा उघडू. आत एक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग, दिव्यापुरतं सर्किट, बाकी पोकळी. मोटर चालताना थोडा प्रवाह नुसता येत-जात राहतो, त्याने काम होत नाही. कपॅसिटर तो प्रवाह जागच्या जागी पुरवतो, म्हणून वायरीतला आकडा उतरतो. कारखान्यात याला अर्थ आहे, कारण तिथे पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला कामी येणारा वाटा, घसरला की बिलावर भार पडतो. घरच्या मीटरचं गणित वेगळं. ते किलोवॉट-तास मोजतं, आपण ज्याला युनिट म्हणतो ते. त्या येरझाऱ्या घालणाऱ्या प्रवाहाचे पैसे घरगुती ग्राहक मुळात भरतच नव्हता.

(दृश्य: मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा. डबा लावलेला आणि काढलेला, दोन्ही शेजारी शेजारी.)

हा दिवा वापरलेल्या युनिटांच्या प्रमाणात लुकलुकतो. डबा लावा, काढा. वेग तोच. दारात प्रात्यक्षिक दाखवणारा मीटरच्या या दिव्याकडे तुम्हाला कधीच नेत नाही.

(दृश्य: छापील पत्रकं. "कंपनी बदला, युनिट स्वस्त.")

ही पत्रकं सुदामानगरात मिळाली. मुंबईच्या उपनगरांत अदानी आणि टाटा अशा दोन वीज कंपन्या आहेत, तिथल्या ग्राहकाला कंपनी बदलता येते. नातेवाइकांकडून आपण ते ऐकलेलं असतं, म्हणून खरंही वाटतं. इंदूरमध्ये घरगुती वीज पुरवणारी वितरण कंपनी एकच आहे. बदलायला दुसरी नाहीच. फॉर्मवर सही, आधारची झेरॉक्स आणि "प्रोसेसिंग" म्हणून पैसे, हे सगळं अस्तित्वात नसलेल्या सोयीसाठी घेतलं जातं. आधारची प्रत कुठे कुठे फिरेल, ते वेगळंच.

सोलरचं थोडं सावधपणे सांगायला हवं, कारण ती योजना खरी आहे आणि चांगली आहे. पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये सुरू झाली. तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं. पण अर्ज सरकारी पोर्टलवर करायचा, विक्रेता तिथल्या नोंदणीकृत यादीतून निवडायचा, आणि अनुदान संच चालू झाल्यावर थेट आपल्या बँक खात्यात येतं. ते मिळवून देण्यासाठी दारात आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

(दृश्य: स्वयंपाकघर. केशरी रंगाची गॅसची नळी, तिच्यावर छापलेली तारीख.)

गॅसवाल्यांच्या नावाने येणारे थेट ओट्यापाशी पोचतात. नळी वाकवून दाखवतात, "फट गई है, ब्लास्ट हो जाएगा", आणि नवी नळी पिशवीतून बाहेर. आपली नळी आपणच बघा. सुरक्षा होजवर आयएसआयची खूण आणि तारीख छापलेली असते. एजन्सीचा खरा मेकॅनिक ओळखपत्र दाखवतो, पावती देतो, आणि एजन्सीत फोन केला तर तिथे त्याचं नाव माहीत असतं. गॅस खरंच गळत असेल तर रेग्युलेटर बंद करून १९०६ वर फोन करायचा. त्यासाठी दारात आलेल्या माणसाची वाट बघायची नाही.

(दृश्य: संध्याकाळ. गल्लीतल्या बायका एका ओटल्यावर. एक काकू हेल्मेट घालून जाळीबाहेर उभ्या.)

आमच्या चित्रीकरणातला हा भाग आम्ही जराही कापलेला नाही. गल्लीतल्या बायकांनी सराव ठरवला. एक जण बिजलीवाला होणार, दुसरी घरातली. नियम एवढाच की जाळी उघडायची नाही आणि बोलणं थांबवायचं नाही.

"ओळखपत्र जाळीपाशी धरा. नाव मोठ्याने वाचा. कुठला झोन?"

"अम्माजी, देर हो रही है."

"होऊ दे. मी वीज कंपनीच्या १९१२ वर विचारते, तुम्ही सावलीत थांबा."

नंबर स्वतःच्या बिलावरून किंवा भिंतीवरच्या कागदावरून लावायचा. दारातला माणूस "साहेबांचा नंबर" म्हणून देईल तो लावायचा नाही, पलीकडून त्याचाच जोडीदार उचलेल. पाणी हवं असेल तर तांब्या-पेला आधीच ओटल्यावर ठेवलेला आहे. हे एका मावशींनी सुचवलं, आणि आता अर्ध्या गल्लीत तांब्या बाहेर असतो. पाहुणचारही राहिला आणि पाठही वळली नाही.

एका आजींना पहिल्या खेपेला "थांबा" म्हणणंच जमेना. आयुष्यभर आलेल्याला "या, बसा" म्हटलेलं. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा केलं. चौथ्या खेपेचा आवाज तुम्हीच ऐका.

(दृश्य: आजींचा आवाज, नुसता.)

(दृश्य: मोबाईलचा पडदा.)

हाच डाव फोनवरही चालतो: आज रात्री साडेनऊला वीज बंद, या अधिकाऱ्याला फोन करा. फोन केला की एखादं ॲप टाकायला सांगतात, त्यातून तुमचा पडदा त्यांना दिसू लागतो. पैसे गेले तर तडक सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० आणि बँक. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ओटीपी आपण स्वतः दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. दारात कोणी अडून बसलं, धमकावू लागलं, तर ११२.

(दृश्य: खरा लाइनमन, खांबावरून उतरताना.)

याच भागात खांबावर चढणारा हा लाइनमन. त्याला विचारलं, लोक ओळखपत्र मागतात तेव्हा राग येतो का? "दो मिनट धूप में खड़े रहने में क्या है. चोर समझकर चिल्लाते हैं, वो बुरा लगता है. कार्ड मांगो, फोन करो, फिर काम करने दो."

त्याचीच एक सूचना बायकांनी झोनला दिलेल्या अर्जात उतरवली आहे. मीटर बदलायला माणूस पाठवायचा असेल तर त्याचं नाव आणि यायची वेळ ग्राहकाच्या नोंदणीकृत मोबाईलवर आदल्या दिवशी यावी. गॅसचा सिलेंडर देताना कोड विचारतात, टॅक्सी बोलावली की ड्रायव्हरचं नाव आणि फोटो येतो. मग मीटरवाल्याचं नाव कळवणं अवघड का असावं? अर्जावर एकेचाळीस सह्या आहेत, झोनवर त्याची पोच मिळाली आहे, आणि टिळकनगरच्या बायका तोच मसुदा आपल्या झोनसाठी लिहून घेत आहेत.