मिरजेची फळी माझी नाही

बसा, बसा. मागचे जरा पुढं या, पुढं बसलं म्हणून कोण प्रश्न विचारणार नाही. बोर्डावर विषय लिहिलाय ‘कसिनो कंपन्या आणि जबाबदार जुगार’, आणि सकाळपासून तिघांचा फोन आला की बोर्ड चुकलाय का, ‘जबाबदार नागरिक’ पाहिजे होतं का. नाही हो, जबाबदार जुगारच. मराठीत ऐकायला ते शाकाहारी तांबड्या रश्श्यासारखं वाटतं ते मला कळतं (तो पण मिळतो म्हणे आता, कोल्हापूरकरांचं काय सांगायचं).

मी तीस वर्षं बँकेत कॅश सांभाळली, म्हणजे दुसऱ्याचे पैसे मोजायचा अनुभव भरपूर. पण कसिनोवर बोलायच्या आधी मला मटक्यावर बोलायचंय, कारण जबाबदार जुगार हा प्रकार मी पहिल्यांदा बघितला तो आपल्या सांगलीत, गणपती पेठेच्या मागच्या एका बोळात, शाळेत असताना. तिथं एक आकडेवाला बसायचा. नाव सांगत नाही, नातवंडं चांगल्या नोकरीत आहेत, एखादं इथंच बसलेलं असंल. पुढं पान-विडी, मागं कल्याण मटक्याचा ओपन आणि क्लोज, म्हणजे दिवसाचा पहिला आणि दुसरा आकडा. आम्हा पोरांना वाटायचं कल्याण म्हणजे तो माणूसच.

तर हळदीच्या पेठेतला एक हमाल, शनिवारी पगार झाला की सरळ टपरीवर. एकदा त्याची बायको आली, पदर डोक्यावर, हातात पिशवी, आणि सगळ्यांसमोर म्हणली, दादा, आमच्या ह्यांचा आकडा घेऊ नका. मी तिथं गोळ्या घ्यायला उभा होतो, मला वाटलं आता हा हाकलून देणार. त्यानं काही न बोलता खडू घेतला आणि टपरीच्या फळीवर आतल्या बाजूनं त्या हमालाचं नाव लिहिलं. पुढच्या शनिवारी तो आला, चिठ्ठी पुढं केली, ह्यानं फळीकडं बोट दाखवलं. नाव आहे, नाही घेणार. मग काय शिव्या! त्या इथं सांगत नाही, पुढच्या रांगेत मॅडम बसल्यात. शेवटी त्या गड्यानं कुणाची तरी सायकल घेतली आणि गेला मिरजेला. मिरज काय लांब आहे? दहा किलोमीटर पण नाही.

बाई परत आली. मिरजेच्या फळीवर पण लिहायला सांगा म्हणली. त्यावर तो म्हणला, वहिनी, मिरजेची फळी माझी नाही.

एवढं लक्षात ठेवा, माझं सगळं भाषण त्या वाक्यावर उभं आहे. आज कसिनो कंपन्या ज्याला सेल्फ एक्स्क्लुजन म्हणतात, म्हणजे खेळणाऱ्यानं स्वतःच लिहून द्यायचं की मला आत घेऊ नका, ते हेच, खडूऐवजी कॉम्प्युटर. अमेरिकेत मिसुरी राज्यानं १९९६ ला अशी राज्यभराची यादी केली. यादी राज्याची म्हणून तिला अर्थ. एकट्या कंपनीची यादी असली की माणूस सायकल काढतो.

आता थोडं गणित, कॅशियरला राहवत नाही. मटक्यात सिंगल आकड्याला एकाला नऊ मिळायचे. आकडे दहा, देणार नऊ, म्हणजे दहातला एक रुपया मालकाचा. रूलेटच्या चाकावर शून्य ते छत्तीस असे ३७ खाने, लागला तर तुमचा रुपया धरून ३६ परत. मालकाला राहिले शंभराला २.७. अमेरिकन चाकावर आणखी एक डबल शून्य, तिथं ५.२६. म्हणजे मटक्यापेक्षा कसिनो प्रामाणिक! हसताय, पण मटक्याचा आकडा दिवसातनं दोनदा फुटायचा. मध्ये माणूस घरी जायचा, जेवायचा, बायकोचं ऐकायचा. चाक फिरतच असतं, आणि मोबाईलवर तर बोट उचलायला पण वेळ नाही. शंभराला २.७ दिवसभर कापत गेलं की शंभराचं काय राहतं ते रिकरिंगवाल्यांना विचारा, तेच उलटं.

आम्ही रिटायरमेंटनंतर पाच जण गोव्याला गेलतो, मांडवीतल्या एका बोटीवर. कुठली ते राहू द्या. जेवण चांगलं होतं, सोलकढी पातळ. पैसे बदलायच्या काउंटरवर एक छोटं पत्रक होतं, मर्यादेत खेळा, मदत हवी तर फोन करा. मी चष्मा लावून वाचत बसलो तर मागचा म्हणतो काका पुढं सरका, लाइन थांबलीय. जाहिराती पण तशाच. आयपीएलच्या मधल्या त्या पैशाच्या ऑनलाइन गेमच्या जाहिराती आठवा, शेवटी एक माणूस एसटीचा ड्रायव्हर उतारावर सोडतो तसा सुटायचा, सवय लागू शकते, आर्थिक जोखीम आहे, एका श्वासात. २०२० च्या डिसेंबरपासून जाहिरातवाल्यांच्याच परिषदेचा नियम होता की ही सूचना साध्या बोलण्याच्या वेगात पाहिजे. तुम्हाला कधी साध्या वेगात ऐकू आली? मला नाही. ब्रिटनमध्ये २०१५ ला कंपन्यांनी स्वतःच पोस्टर काढलं, मजा संपली की थांबा, आणि त्यात सगळ्यात मोठं अक्षर कशाचं? ‘मजा’चं. बोंबाबोंब झाल्यावर २०१९ ला बदललं.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. सातनंतर हॉलमध्ये नाटकाची तालीम आहे म्हणे. बरं, म्हणजे आता जे सांगायला बोलावलंत ते पळत पळत.

कंपन्या काय काय देतात, तर रोजची भरणा मर्यादा, थोड्या दिवसांची सुट्टी, इतका वेळ झाला म्हणून घंटी, हेल्पलाइन, स्टाफला ट्रेनिंग. वाईट काहीच नाही, पण सगळ्यात बटण खेळणाऱ्याच्या हातात, आणि ज्याला गरज आहे त्याचाच हात बटणाकडं जात नाही. कंपनीला स्वतःचं काय सोडावं लागतं ते विचारा. ते फक्त कायद्यानं झालेलं दिसतं. ब्रिटनमध्ये सट्ट्याच्या दुकानातल्या जुगाराच्या मशीनवर एका डावाला १०० पौंड चालायचे, एप्रिल २०१९ ला २ पौंड केले. एप्रिल २०२० ला जुगाराला क्रेडिट कार्ड बंद. २०२१ ला ऑनलाइन स्लॉटचा, म्हणजे चित्रं फिरणाऱ्या मशीनचा, एक डाव किमान अडीच सेकंद, आणि दहा लावून चार परत आले तरी मशीन लग्नातल्या बँडसारखं वाजायचं, ते बंद. त्यांची गॅमस्टॉप नावाची यादी २०१८ ची, एकदा नाव दिलं की लायसनवाल्या सगळ्या ऑनलाइन साइट त्या माणसाला बंद. ही खरी सगळ्या टपऱ्यांची फळी. तिथलं मिरज म्हणजे बिगरलायसनवाले, आणि आपल्याकडं संसदेनं ऑगस्ट २०२५ ला पैशाचे ऑनलाइन गेम बंद केल्यावर आपलं मिरज पण तेच, परदेशातल्या साइट.

सिंगापूरला त्या बाईचं ऐकतात. घरच्यांनी अर्ज केला की चौकशी करून माणसाला कसिनोबंदी लावता येते. शिवाय तिथल्या नागरिकाला आत जायला दिवसाचे १५० सिंगापूर डॉलर, आधी शंभर होते. परदेशी माणसाला फुकट.

हो, हो, झालंच, तबलेवाले आलेत ते दिसलं मला. फक्त हे फुकटवालं ऐकून जा. गोव्यानं २०२० च्या फेब्रुवारीपासून गोंयकारांना कसिनोत यायला बंदी केली. आपली माणसं वाचवली, चांगलं केलं. पण बोटी तिथंच आहेत, आणि शुक्रवारी रात्री सांगलीहून आंबोलीच्या घाटानं ज्या गाड्या जातात त्यात आपलीच पोरं असतात. त्यांचं नाव कुणाच्या फळीवर लिहायचं? खुर्च्या उचलू द्या त्यांना, मी बाहेर चहाला थांबलोय.