टोळ्यांवरचे माहितीपट आणि नव्याचा प्रश्न

मित्रहो,

फ्रेडरिक थ्रॅशर या समाजशास्त्रज्ञाने १९२७ साली शिकागोतल्या टोळ्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आपण अभ्यासलेल्या टोळ्यांचा आकडा त्याच्या उपशीर्षकातच घातला : १,३१३. तेव्हाच्या टोळ्यांतली पोरे बहुतांशी पोलिश, इटालियन, आयरिश अशा स्थलांतरितांच्या घरांतली होती. एक वस्ती जिथे संपते आणि दुसरी अजून धड सुरू झालेली नसते, अशा रूळ, गोदामे आणि कारखाने यांच्यामधल्या फटीत टोळी उगवते, असे थ्रॅशरचे म्हणणे होते. पुढे चित्रपटांचा शहरातल्या मुलांवर काय परिणाम होतो हे तपासण्याचे कामही याच गृहस्थांकडे आले. पॉल क्रेसी यांच्यासोबत त्यांनी लिहायला घेतलेला तो ग्रंथ जाहीर झाला, पण छापून कधीच आला नाही. ज्या माणसाने टोळ्या मोजल्या, त्याचेच टोळी आणि पडदा यांच्याविषयीचे पुस्तक अपुरे राहिले, याची मला अधूनमधून आठवण होते, कारण आजचा आपला विषय त्या न छापलेल्या पुस्तकाच्या शेजारचाच आहे.

रस्त्यावरच्या टोळ्यांवर माहितीपट निघतच असतात, आणि त्यांतून काही नवे कळते का, असा प्रश्न मला इथे घातला गेला आहे. बहुतेकांतून कळत नाही, असे माझे उत्तर आहे, आणि त्याचे कारणही सांगता येईल : हे चित्रपट नवेपणाचा दावा नेमक्या चुकीच्या जागी करतात. ‘आजवर कोणाला मिळाला नव्हता असा प्रवेश आम्हाला मिळाला’ हा त्यांचा दावा असतो. मग हातातल्या कॅमेऱ्याने जिना चढला जातो, तोंडाला रुमाल बांधलेला एक तरुण गादीखालून पिस्तूल काढून दाखवतो, दुसरा सदरा वर करून गोळीचा व्रण दाखवतो, पोलीस अधिकारी भिंतीवरच्या नकाशात कोणती गल्ली कोणाची ते समजावतो, एक आई रडते, आणि शेवटी काळ्या पडद्यावर अक्षरे उमटतात की चित्रीकरणानंतर अमुक मारला गेला आणि तमुक तुरुंगात आहे. ‘रॉस केम्प ऑन गँग्ज’ या ब्रिटिश मालिकेला २००७ साली बाफ्टा हा तिथला मानाचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत हिस्टरी चॅनलने ‘गँगलँड’ सुरू केली. या दोन मालिकांचे काही भाग लागोपाठ पाहिले तर देश बदलतो, गोंदणे बदलतात, आणि प्रसंगांची उतरंड तशीच राहते.

प्रवेशाचे म्हणाल तर तो केव्हाच मिळालेला आहे. गॅरी वाइस यांनी १९७९ साली न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये ‘सॅव्हेज स्कल्स’ आणि ‘सॅव्हेज नोमॅड्स’ या टोळ्यांसोबत चित्रीकरण केले, त्या ‘एटी ब्लॉक्स फ्रॉम टिफनीज’मध्ये पोरे कॅमेऱ्यासमोर इतकी मोकळी बोलतात की नंतरच्या चित्रपटांनी आत शिरण्याचे भांडवल करावे असे काही उरलेलेच नव्हते. आज तर त्या भांडवलाची किंमत शून्यावर आली आहे, कारण पोरे स्वतःच चित्रण करतात. शिकागोमध्ये २०१२च्या सुमारास ड्रिल नावाच्या संगीतप्रकाराला उधाण आले आणि बंदुका, नोटा, शत्रूची नालस्ती यांनी भरलेले व्हिडिओ थेट मोबाइलवरून जगभर जाऊ लागले. फॉरेस्ट स्टुअर्ट या समाजशास्त्रज्ञाने अशा मुलांमध्ये वावरून २०२० साली लिहिलेल्या पुस्तकात दाखवले आहे की पडद्यावरचे हे क्रौर्य बरेचदा वठवलेले असते : प्रेक्षक मिळवायचे असतात, आणि प्रेक्षकांना हिंस्रपणा हवा असतो. म्हणजे रुमाल बांधून पिस्तूल दाखवणारा मुलगा माहितीपटवाल्याला गुपित सांगत नसून आपला सरावातला प्रयोग सादर करत असतो, आणि माहितीपटवाला तो सत्य म्हणून घरी घेऊन येतो.

कॅमेरा काय पाहत नाही, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण एका वहीचे आहे. मद्रासेत जन्मलेले सुधीर वेंकटेश शिकागो विद्यापीठात शिकत असताना तिथल्या सरकारी गृहसंकुलात अमली पदार्थ विकणाऱ्या एका टोळीच्या जवळ गेले, आणि काही वर्षांनी त्या टोळीच्या चार वर्षांच्या हिशेबाच्या वह्या त्यांच्या हाती आल्या. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांच्यासोबत त्यांनी त्या वह्यांवर २००० साली शोधनिबंध लिहिला. कोपऱ्यावर उभे राहून माल विकणाऱ्या साध्या पोराला तासाला जेमतेम तीन डॉलरच्या आसपास मिळत होते, किमान वेतनापेक्षाही कमी, आणि हे असे काम होते की त्यात चार वर्षे टिकणेही जिवावरचे होते. पैसा वर जात होता, गोळ्या खाली येत होत्या. आता विचार करा : इतकी वर्षे आपल्याला सोनसाखळ्या आणि नोटांच्या थप्प्या दाखवल्या गेल्या, आणि टोळीतली बरीच पोरे आईच्याच घरी राहतात, कारण त्यांना वेगळे बिऱ्हाड परवडत नाही, ही गोष्ट कळायला हिशेबाची वही लागली. पिस्तुलाचे चित्र चांगले येते. जमाखर्चाचे येत नाही. दृश्य माध्यमाची ही जुनीच अडचण आहे, पण अडचण आहे हे मान्य करणारे चित्रपट फार थोडे.

नवे काही दिलेले चित्रपट कोणते, याकडे आता येतो. त्यांच्यात मला एक समान गोष्ट दिसते : त्यांनी टोळीकडे बघता बघता नजर किंचित बाजूला वळवली, म्हणजे वस्तीत टोळीच्या आधी काय होते आणि तिच्या शेजारी काय चालले आहे तिकडे.

क्ले स्लोन हा लॉस एंजेलिसच्या ब्लड्स टोळीतला माणूस. माइक डेव्हिस यांचे लॉस एंजेलिसवरचे पुस्तक वाचताना त्याला एक विधान सापडले, की क्रिप्स आणि ब्लड्स या टोळ्या साठच्या दशकातल्या कृष्णवर्णीय राजकीय पक्षांच्या अनौरस संतती आहेत. त्या विधानाचा माग काढत त्याने २००५ साली ‘बास्टर्ड्स ऑफ द पार्टी’ केला. स्लॉसन टोळीतून आलेला बंची कार्टर ब्लॅक पँथर पक्षाच्या लॉस एंजेलिस शाखेचा नेता झाला, आणि १७ जानेवारी १९६९ रोजी विद्यापीठाच्या आवारात प्रतिस्पर्धी संघटनेच्या माणसांच्या गोळ्यांनी जॉन हगिन्ससह मारला गेला. या दोन संघटनांमधले वैर एफबीआयने बनावट चित्रे वाटून कसे पेटते ठेवले, ते पुढे सिनेटच्या चौकशीत बाहेर आले. पँथर संपत आले आणि त्याच सुमारास, त्याच रस्त्यांवर रेमंड वॉशिंग्टन नावाच्या पोराने क्रिप्सची सुरुवात केली. हा कार्यकारणभाव स्लोन सांगतो तितका सरळ आहे का, याबद्दल मला शंका आहे. इतिहासात रिकामी जागा झाली म्हणून ती अमक्यानेच भरली असे सहसा होत नाही. तरी टोळीतल्या माणसाने ‘मी असा का झालो’ हे स्वतःच्या बालपणात न शोधता दप्तरांत शोधावे, ही त्या प्रकारच्या चित्रपटात नवी घटना होती.

स्टेसी पेराल्टा यांनी २००८ साली ‘क्रिप्स अँड ब्लड्स : मेड इन अमेरिका’त तोच धागा आणखी मागे नेला. पेराल्टा मूळचे स्केटबोर्डवाले, गोरे, समुद्राकाठच्या वस्तीतले; त्यामुळे सुरुवातीला मला हा चित्रपट चकचकीत वाटला होता, आणि काही ठिकाणी आजही वाटतो. परंतु त्यात पन्नासच्या दशकातल्या टोळ्यांतले, आता वृद्ध झालेले लोक जे सांगतात ते विसरता येत नाही. आम्हाला बालवीर पथकात प्रवेश नव्हता, म्हणून आम्ही आपापले क्लब काढले, असे ते सांगतात. अमुक रस्त्याच्या पलीकडे कृष्णवर्णीयांना घर विकायचे नाही, असे करार त्या शहरात खरेदीखतांतच लिहिलेले असत. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली त्यांची अंमलबजावणी थांबवली, पण वस्त्यांच्या रेषा तशाच राहिल्या. ऑगस्ट १९६५मध्ये वॉट्स ही तिथली कृष्णवर्णीयांची वस्ती दंगलीत पेटली तेव्हा ३४ माणसे मेली. त्यानंतर एकेक कारखाना गेला : शेजारच्या साउथ गेटमधला फायरस्टोनचा टायरचा कारखाना १९८०मध्ये आणि जनरल मोटर्सचा मोटारींचा १९८२मध्ये.

१९८२ म्हटल्यावर या सभागृहातल्या ज्येष्ठांच्या मनात काय आले ते मी ओळखू शकतो. त्या वर्षी १८ जानेवारीला आपल्याकडे गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातली पोरे पुढे कोणाकोणाच्या हाताला लागली, हे तुम्हाला मी सांगायला नको. साम्य मात्र फार ताणू नये. मुंबईच्या टोळ्या तस्करी, खंडणी आणि जमिनींचे व्यवहार यांवर उभ्या राहिल्या, त्यांचे भाई दुबईत बसू शकले. लॉस एंजेलिसचे पोरगे दोन चौक ओलांडायला घाबरते. तुलना चित्रपटांची करू. २०२३ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘मुंबई माफिया’ या माहितीपटात चकमकफेम अधिकारी स्वतः बोलतात आणि ते पाहण्यासारखे आहे, पण गोष्ट त्यांच्या खुर्चीवरून दिसते तेवढीच दिसते. बंद गिरणीच्या फाटकासमोर उभे राहून मुंबईच्या टोळ्यांची गोष्ट सांगणाऱ्या माहितीपटाची मी अजून वाट पाहतो आहे.

आता सर्वांत अवघड उदाहरण. क्रिस्तियान पोवेदा या छायाचित्रकाराने मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशातल्या सोयापांगो शहराच्या ला कांपानेरा वस्तीत वर्षाहून अधिक काळ राहून ‘एटीन्थ स्ट्रीट’ टोळीचे चित्रण केले आणि ‘ला विदा लोका’ हा चित्रपट २००८ साली दाखवला. ही टोळी मूळची लॉस एंजेलिसची. एल साल्वादोरच्या यादवी युद्धातून पळून गेलेल्या कुटुंबांतली पोरे तिथे तिच्यात गेली, आणि अमेरिकेने, विशेषतः १९९६च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर, त्यांना जथ्याजथ्याने परत पाठवले. पोवेदाच्या चित्रपटात निवेदन नाही. टोळीतली पोरे एका बेकरीत पाव भाजायला शिकतात. एक डोळा गमावलेली तरुणी इस्पितळाच्या खेपा घालून कृत्रिम डोळा बसवून घेते. मध्येच पडदा काळा होतो, गोळीचा आवाज येतो, आणि पुढचे दृश्य अंत्ययात्रेचे असते. असे पुन्हा पुन्हा होते. एका यात्रेत पेटीत तीच तरुणी असते. पहिल्यांदा पाहताना तिसऱ्या अंत्यसंस्कारापाशी मला कंटाळा आला होता, हे मी कबूल करतो, आणि मग लक्षात आले की त्या वस्तीलाही कंटाळा आलेला आहे. नवेपणाची माझी अपेक्षाच तिथे मला थोडी लाजिरवाणी वाटली. बदल्याची साखळी चालते तीच मुळी पुनरावृत्तीवर. तिच्यात दर वेळी नवे काही घडावे अशी इच्छा धरणारा प्रेक्षक नेमके काय मागत असतो?

पोवेदा स्वतः २ सप्टेंबर २००९ रोजी त्याच परिसरात गोळ्या घालून मारले गेले. शिक्षा झालेल्यांत टोळीवाल्यांबरोबर एक माजी पोलीसही होता. पुढे मार्च २०२२मध्ये तीन दिवसांत ८७ खून झाल्यावर एल साल्वादोरच्या सरकारने आणीबाणी पुकारली, आणि २०२३ साली ४० हजार कैद्यांसाठी बांधलेले कारागृह उघडले. त्या कारागृहाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील : मुंडण केलेली डोकी, गोंदलेल्या उघड्या पाठी, वाकून धावणाऱ्या रांगा. ते सरकारनेच काढलेले आहेत आणि उत्तम काढलेले आहेत. गोंदलेला चेहरा भीतीने आणि कुतूहलाने बघायची सवय जगाला आधी माहितीपटांनी लावली होती. सरकारला ती आयती मिळाली. पोवेदाच्या चित्रपटातही गोंदलेले चेहरे आहेत, पण ते पावाचे पीठ मळताना दिसतात, आणि मला वाटते हा फरक छायाचित्रणाचा नाही.

उरला ‘द इंटरप्टर्स’, जो आपण आज दुपारी इथे पाहिला. स्टीव्ह जेम्स आणि पत्रकार अ‍ॅलेक्स कॉटलोविट्झ यांचा हा २०११चा चित्रपट टोळीपेक्षा टोळीच्या भांडणात मध्ये पडणाऱ्यांचा आहे. हे मध्यस्थ स्वतः कधीकाळी त्याच रस्त्यावरचे. गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञाने सोमालियातल्या निर्वासितांत क्षय आणि पटकीवर काम केल्यावर शिकागोला परतून असे मांडले की हिंसा साथीसारखी पसरते आणि तिची साखळी तोडता येते. त्यातून सीजफायर हा उपक्रम उभा राहिला. हे रूपक मला पुरते पटत नाही. साथीला मालक नसतो, बंदुकीला असतो, बंद शाळेलाही असतो, आणि चित्रपट त्या मालकांकडे फिरकत नाही. परंतु खून व्हायच्या आधीची अर्धी मिनिटे, संतापलेला माणूस विटकर हातात घेऊन उभा असताना त्याच्याशी नेमके काय बोलायचे, हे मी दुसऱ्या कुठल्याही टोळीपटात पाहिलेले नाही. या मध्यस्थांतली अमीना मॅथ्यूज ज्या जेफ फोर्टची मुलगी आहे तो शिकागोतल्या सर्वांत नावाजलेल्या टोळीप्रमुखांपैकी एक. तिला रागाचे व्याकरण घरातूनच आलेले आहे.

त्यातल्या एकाच प्रसंगाविषयी बोलतो. तुरुंगातून नुकताच सुटलेला एक मुलगा, किशोरवयात ज्या केशकर्तनालयावर त्याने दरोडा घातला होता, तिथे मध्यस्थ कोबी विल्यम्ससोबत माफी मागायला परत जातो. त्या दिवशी आपल्या मुलांसह तिथे असलेली एक बाई आजही तिथे आहे. ती त्याला लगेच माफ करून मोकळी होत नाही. बंदूक समोर आल्यावर आपल्या पोरांचे काय झाले, आपल्याला काय वाटले, ते ती त्याला सांगत राहते, आणि तो मान खाली घालून ऐकत राहतो. टोळ्यांवरचे इतके चित्रपट मी पाहिले. त्या गल्लीत केस कापायला आलेल्या बाईला बोलायला इतका वेळ दिलेला मी पहिल्यांदाच पाहिला.