दाग्बानीचे शिक्षक घडताना

(दृश्य: पहाट. शाळेच्या मैदानात तीन दगडांची चूल, वर मोठं पातेलं. मागे लांबवर मका वाळत घातलेली अंगणं.)

निवेदन:
सप्टेंबर संपत आलाय. घानाच्या उत्तर भागात, तमाले आणि येंडीच्या आसपास, पाऊस ओसरू लागलाय. एका शाळेत वीस-पंचवीस माणसं मुक्कामाला आली आहेत. बहुतेक तरुण शेतकरी. माध्यमिक शाळेपर्यंत शिकून गावी परतलेले. बाया मोजक्याच, कारण या गावांत माध्यमिक शाळेपर्यंत पोचलेल्या मुलीच मोजक्या. तीन आठवड्यांनी यातला प्रत्येक जण आपल्या गावात शाळेबाहेर राहिलेल्या पंचवीस मुलांचा वर्ग घेणार आहे, दाग्बानीत. म्हणजे दागोंबा लोकांच्या भाषेत.

पहाटेच्या अजानानंतर शिबिर जागं होतं. बोअरच्या हातपंपावर रांग लागते. बाजरीची पातळ पेज, तिला इथे कोको म्हणतात, सोबत चवळीच्या पिठाची गरम भजी. प्यायचं पाणी अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत येतं. एका गोणीत अशा तीस पिशव्या. माणशी दिवसाला सहा धरल्या तर पंचवीस जणांना रोज पाच गोण्या लागतात. हा हिशेब चुकला की दुपारचं सत्र बसतच नाही. उन्हात तहानलेली माणसं उच्चारांकडे कुठून लक्ष देणार?

(दृश्य: वर्ग. फळ्यासमोर एक प्रशिक्षणार्थी. हातात खडू, नजर फळ्यावर अडकलेली.)

निवेदन:
पहिल्याच सकाळी सगळ्यांना दाग्बानीतला एक साधा उतारा मोठ्याने वाचायला देतात. ही माणसं दाग्बानीत भांडतात, सौदे करतात, अंगाई गातात. पण कागदावर तीच भाषा आली की अडखळतात. कारण ही माणसं वाचायला शिकली इंग्रजीत. दाग्बानीची लिपीही रोमनच, पण डोळ्यांना सवय इंग्रजी स्पेलिंगची. दाग्बानीत स्वर लांबवायचा असेल तर तेच अक्षर दोनदा लिहितात, आणि यांच्याकडून दुसरं अक्षर हमखास गळतं. म्हणून पहिले तीन दिवस शिकवण्याचं नावही काढायचं नाही. फक्त वाचायचं, ऐकायचं आणि लिहून घ्यायचं. घाईघाईने अध्यापन पद्धतीवर उडी मारली, तर शिक्षकाची चूक पंचवीस वह्यांत उतरते.

(दृश्य: जवळून. वाळवलेल्या भोपळ्याची वाटी, तिच्यात पाणी.)

निवेदन:
ही ङ्मानी. भोपळा वाळवून, कापून केलेली वाटी. पाणी प्यायला, पेज प्यायला, धान्य मापायला घरोघर असते. धड्यासाठी हा शब्द मुद्दाम निवडलाय.

'ङ' आपल्या वर्णमालेत आहे, पण त्याने सुरू होणारा मराठी शब्द शोधून सापडायचा नाही. दाग्बानीत असे शब्द कितीतरी. त्यात इथे 'ङ' आणि 'म' एका पाठोपाठ नाहीत, दोन्ही एकदम आहेत. बोलताना कोणाचंच चुकत नाही. चुकतं ते शिकवताना. प्रशिक्षणार्थी फळ्याकडे बघतो, त्याला इंग्रजी 'एन' आणि 'एम' दिसतात, आणि तो शब्द तोडून 'नग-मानी' म्हणतो. स्वतःच्या घरातल्या वाटीचं नाव तो चुकीचं म्हणतोय!

यावर उपाय भाषणाचा नाही, ओठांचा आहे. ओठ मिटा. जिभेची मागची बाजू वर टाळूला टेकवा. आवाज नाकातून येऊ द्या. आता दोन्ही एकदम सोडा. दोघं समोरासमोर बसून एकमेकांचे ओठ पाहतात. सुरुवातीला ओठ उघडे दिसले की समजायचं, तुकडे पडले. 'क' आणि 'प' मिळून होणाऱ्या आवाजाचंही असंच, 'ग' आणि 'ब'च्या आवाजाचंही तसंच. ज्याला हे कळलं तोच मुलाला सांगू शकतो की लिहायला अक्षरं दोन असली तरी आवाज एक आहे.

अक्षर काढण्यातही घोळ होतो. 'ङ'साठी असलेल्या शेपटीवाल्या 'एन'ची शेपटी आखूड काढली, तर मागच्या रांगेतून तो साधा 'एन' दिसतो. शेपटी ओळीखाली अक्षराच्या उंचीइतकी उतरलीच पाहिजे. उघड्या तोंडाच्या 'ओ'साठी उलटा वळवलेला 'सी' आहे. नवी मुलं त्याला सुलटा करून टाकतात. म्हणून उलटा आणि सुलटा 'सी' ही दोन अक्षरं एकाच आठवड्यात शिकवायची नाहीत.

(दृश्य: फळ्यावर स्वरांची ओळ. काठी एकेका अक्षरावरून फिरते.)

निवेदन:
धड्याचा क्रम ठरलेला आहे. आधी चित्र. चित्रावर मुलांना बोलू द्यायचं, निदान दहा मिनिटं. त्यातून मुख्य शब्द काढायचा. शब्द फोडून अवयव, म्हणजे एका दमात उच्चारायचे तुकडे, करायचे. मग त्यातल्या व्यंजनाला एकेक स्वर लावून ओळ तयार करायची. आपली बाराखडीच म्हणा, फक्त दाग्बानीच्या लिपीत स्वराची अक्षरं सात, म्हणून खडीही सातची. शेवटी त्या तुकड्यांतून मुलांनी नवे शब्द जुळवायचे, वाचायचे, लिहायचे.

बिघडतं नेहमी एकाच ठिकाणी. शिक्षक काठी डावीकडून उजवीकडे नेतो, मुलं तालात ओरडतात, वर्ग दणाणून जातो, आणि शिक्षक खूश. पण मुलं वाचत नसतात, पाठ म्हणत असतात. पडताळा सोपा आहे. काठी उजवीकडून डावीकडे न्या. मधलंच अक्षर झाका. ओळीतलं पाचवं, मग दुसरं विचारा. सूर तिथल्या तिथे थांबतो. सराव पाठात प्रत्येकाला पंधरा मिनिटं मिळतात आणि त्यात ही उलटी काठी एकदा तरी फिरलीच पाहिजे. बाकीचे मुलं होऊन बसतात, दोघं मागे वहीत नोंद करतात: शिक्षक किती बोलला, मुलं किती बोलली.

(दृश्य: गवताच्या विणलेल्या तट्ट्याचं कुंपण. मग एक रिकामं कार्ड, त्यावर एकच शब्द.)

निवेदन:
दाग्बानी सुरांची भाषा आहे. 'ग्बाल्ली' हा शब्द दोन्ही अवयव वरच्या सुरात म्हटला तर थडगं. दुसरा अवयव खाली आणला तर गवताचा तट्टा, हे कुंपण ज्याचं आहे तो. नेहमीच्या लिखाणात सुराची खूण करत नाहीत. त्यामुळे नुसत्या एका शब्दाचं कार्ड मुलापुढे धरलं, तर त्याने काय वाचायचं? शिबिरातला नियम असा: सुराने अर्थ बदलणारा शब्द एकटा दाखवायचा नाही. चित्रासोबत किंवा वाक्यात. मुलाने दुसरा अर्थ वाचला तर त्याला चूक म्हणायचं नाही, कारण चूक कार्डाची आहे.

बोलीभेदाचंही तसंच. तमालेकडची बोली वेगळी, येंडीकडची वेगळी, दक्षिणेला नानुंबांची आणखी वेगळी. मुलाने आपल्या घरचं बोलावं, लिहावं ठरलेल्या लेखनाने. शिक्षकाने घरच्या उच्चाराला हसायचं नाही. काही गावांत कोंकोंबा या दुसऱ्या समाजाची मुलंही असतात. त्यांची मातृभाषा दाग्बानी नाहीच. ती किती आहेत हे वर्ग सुरू होण्याआधी मोजावं लागतं, नाहीतर मातृभाषेच्या वर्गातच काही मुलं परक्या भाषेत बसतात. मेळघाटात कोरकू मूल मराठी शाळेत बसतं, तसंच.

गणिताच्या तासाला मात्र एक देखणी गोष्ट हाती लागते. दाग्बानीत एकोणीसला म्हणतात 'पिशी यिनी का'. पिशी म्हणजे वीस, यिनी म्हणजे एक, आणि तो एक कमी. आपल्या एकोणीसमध्येही एकाने उणा वीसच दडलाय. वजाबाकी शिकवायला इथे इंग्रजी शब्द आणायची गरज नाही. ती मुलाच्या मोजणीतच आहे.

(दृश्य: आवारात काम. कोळसा कुटला जातोय. तांदळाची पांढरी गोणी उलगडून जमिनीवर.)

निवेदन:
दुपारनंतर साहित्य. गावात फळा नसतो, तो करावा लागतो. प्लायवूडचा चार फुटी तुकडा, कुटून चाळलेली कोळशाची पूड, कसाव्याच्या पानांचा रस. कुणी जुन्या बॅटरी सेलमधली काळी पूडही मिसळतं. ती विषारी असते, मुलांच्या हाताला लागते, म्हणून इथे नाही. जाड थर दिला की पोपडे निघतात. पातळ दोन हात द्यायचे, मध्ये एक रात्र वाळू द्यायचं. आणि पहिलं अक्षर लिहिण्याआधी आडवा खडू सगळ्या फळ्यावर घासून पुसून टाकायचा. तसं केलं नाही तर पहिल्या दिवशीचा धडा फळ्यावर कायमचा उमटून राहतो.

तक्त्यांना कागद चालत नाही. डिसेंबरात सहाराकडून कोरडा धुळीचा वारा सुटतो, हरमाटन, आणि झाडाखालच्या वर्गात कागद दोन दिवसांत फाटतो. तांदळाची पांढरी विणीची गोणी उसवून, धुऊन, त्यावर पक्क्या शाईच्या मार्करने लिहितात. अक्षर तीन बोटं उंच. वर एक काठी, खाली एक. खालची काठी विसरली की तक्ता दिवसभर फडफडतो.

(दृश्य: गावप्रमुखाच्या घरासमोर काढलेल्या चपला. हातात कोला नट, मान म्हणून द्यायच्या कडवट बिया.)

निवेदन:
१९९५ साली 'स्कूल फॉर लाइफ' या संस्थेने या भागात शाळाबाह्य मुलांसाठी असे वर्ग सुरू केले. ऑक्टोबर ते जून, नऊ महिने. शेतीची कामं कमी असतात तो काळ. वर्ग रोज दुपारी तीन तास, आठवड्यातून पाच दिवस. नऊ महिन्यांनी मूल दाग्बानी वाचू लागतं आणि नेहमीच्या शाळेत वरच्या इयत्तेत जातं. पुढे याच धर्तीवर सरकारी पूरक शिक्षणाचा कार्यक्रमही उभा राहिला. सरकारी शाळांमध्ये मात्र भाषेचं धोरण हेलकावे खात राहिलं. २००२ मध्ये पहिलीपासून इंग्रजी माध्यम ठरलं, मग काही वर्षांनी पुन्हा अकरा घानाई भाषांकडे पावलं वळली. त्या अकरांत दाग्बानी आहे. पण दाग्बानी न येणारा शिक्षक दाग्बानी गावात नेमला गेला, तर धोरणाचा कागद काय कामाचा?

म्हणून इथे शिक्षक गावच निवडतं. गावप्रमुखाला कोला द्यावा लागतो, चपला काढून, खाली बसून बोलावं लागतं. वर्गाची जागा, वेळ, सुट्टीचा वार गावच ठरवतं. मानधन इतकं थोडं की त्याला साबणाचे पैसे म्हणतात. त्यातून घर चालत नाही. पेरणी जवळ आली की शिक्षक शेतावर जातो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. गावाने त्याच्या शेतावर दोन दिवस हातभार लावायचा, हे सुरुवातीलाच बोलून घेतलं तर वर्ग टिकतो.

(दृश्य: शिबिराचा शेवटचा दिवस. वहीत आखलेलं कॅलेंडर.)

निवेदन:
शेवटच्या दिवशी प्रत्येक जण स्वतःचं वेळापत्रक आखतो. दागोंबांचा आठवडी बाजार सात नव्हे, सहा दिवसांनी भरतो. म्हणजे या आठवड्यात मंगळवारी, तर पुढच्या आठवड्यात सोमवारी. बाजाराच्या दिवशी मुलं आईसोबत शिया झाडाच्या तेलबिया, गिनी कोंबड्या घेऊन जातात, वर्ग ओस पडतो. छापील वेळापत्रकात हे कधीच बसत नाही. म्हणून आधी बाजाराचे दिवस लाल पेनाने भरायचे, मग शुक्रवारची नमाज, आणि उरलेल्या घरांत धडे.

सामान मोजून दिलं जातं. पंचवीस वाचनपुस्तकं, प्रत्येक मुलाला एक. पंचवीस वह्या, पेन्सिली, खडूची दोन खोकी, हजेरीपट. गोणीचे तक्ते गुंडाळून सायकलच्या कॅरियरला बांधले जातात, फळा पाठीला. एकीने ङ्मानी वर्गात विसरली होती. ती परत फिरते, वाटी घेते, आणि तिच्यात खडू भरून निघते.